लेट्यूसच्या पानातला खिमा: पाणी सांभाळा, बाकी सोपं आहे

लेट्यूसच्या पानात गुंडाळलेला खिमा बिघडतो तो बहुतेक वेळा पाण्यामुळे. पान ओलं राहतं, खिमा कढईत स्वतःच्याच पाण्यात उकडतो, मशरूम आणि सिमला मिरची आपापलं पाणी सोडतात, आणि पहिल्याच घासाला सॉस मनगटावरून कोपरापर्यंत ओघळतो. चवीचं गणित त्या मानाने सोपं आहे: खारट, गोड, आंबट आणि थोडं तिखट, एवढंच. म्हणून या लेखात चवीइतकंच, किंबहुना थोडं जास्तच, पाण्याबद्दल वाचायला मिळेल.

खाण्याची ही रीत आशियात बरीच पसरलेली आहे. दक्षिण चीनमध्ये, कँटनकडे, बारीक कापलेलं कबुतराचं मांस परतून लेट्यूसच्या पानात वाढतात. कोरियात भाजलेलं मांस, भात आणि सोयाबीनची आंबवलेली चटणी पानात घेऊन एका घासात संपवतात. लाओस आणि ईशान्य थायलंडमध्ये ‘लाब’ नावाचा लिंबू पिळलेला आंबट खिमा असतो, सोबत कच्च्या पानांचा ढीग. आज जगभरच्या मेन्यूकार्डांवर जो ‘चिकन लेट्यूस रॅप’ दिसतो तो यातल्या कुठल्याच एका घरचा नाही. अमेरिकेतल्या हॉटेलांनी, विशेषतः १९९३ साली ॲरिझोनात सुरू झालेल्या पी. एफ. चँग्जने, त्याला आजचं रूप देऊन लोकप्रिय केलं. तेव्हा अस्सलपणाची चिंता फार करायचं कारण नाही.

इंदुरात बाहेर खायचं म्हणजे छप्पन दुकान नाहीतर सराफा, आणि दोन्हीकडचा मान शाकाहारी पदार्थांचा. आपल्या मराठी घरांतला सामिष बेत घरीच, रविवारी, आणि तोही ठरलेला: मटणाचा रस्सा किंवा मटार घातलेला खिमा. हा पदार्थ त्या खिम्याच्या सवयी बाजूला ठेवूनच करावा लागतो. कांदा-खोबऱ्याचं वाटण नाही, हळद नाही, गरम मसाला नाही, झाकण ठेवून शिजवणं तर मुळीच नाही.

साहित्य, चार जणांसाठी

बिनहाडाच्या चिकनचा किंवा मटणाचा खिमा ५०० ग्रॅम. आइसबर्ग लेट्यूसचे दोन मध्यम गड्डे. मशरूम १५० ग्रॅम, एक गाजर, आठ-दहा फरसबीच्या शेंगा, अर्धी सिमला मिरची, आठ-दहा ताजे शिंगाडे, एक मध्यम कांदा, पातीच्या कांद्याच्या चार-पाच काड्या. लसणाच्या सात-आठ पाकळ्या, इंचभर आलं, दोन हिरव्या मिरच्या. तेल तीन मोठे चमचे; घरात येतं ते सोयाबीनचं किंवा शेंगदाण्याचं रिफाइंड तेल चालेल, कारण मोठ्या आचेवर ते लवकर जळत नाही. वरून घालायला भाजलेल्या शेंगदाण्यांचं जाडसर कूट, कोथिंबीर आणि लिंबू.

सॉससाठी साधा सोया सॉस दोन मोठे चमचे, गडद सोया सॉस एक छोटा चमचा, चिरलेला गूळ एक मोठा चमचा, व्हिनेगर दोन छोटे चमचे, शेंगदाण्याचं गुळगुळीत वाटण किंवा पीनट बटर एक मोठा चमचा, लाल मिरचीची पेस्ट चवीप्रमाणे, मसाल्याची पूड पाव छोटा चमचा (ती कशी करायची ते पुढे), आणि एक छोटा चमचा कॉर्नफ्लोअर दोन मोठे चमचे पाण्यात कालवून. मोठा चमचा म्हणजे १५ मिलिलिटरचा आणि छोटा ५ मिलिलिटरचा.

मीठ मुद्दामच लिहिलेलं नाही. एका मोठ्या चमच्या सोया सॉसमध्ये ९०० मिलिग्रॅमच्या आसपास सोडियम असतं, आणि जागतिक आरोग्य संघटनेची मोठ्या माणसासाठी दिवसाची मर्यादा २००० मिलिग्रॅमची आहे. घरात रक्तदाबाची गोळी घेणारं कोणी असेल तर सोया सॉस दीड चमच्यावर आणा आणि लिंबू वाढवा. आंबटपणा वाढला की मीठ कमी असल्याचं फारसं जाणवत नाही.

आधी पानं

सुरुवात लेट्यूसपासून करा, कारण त्याला वाळायला वेळ लागतो. भाजीवाल्याकडे ‘सलाद पत्ता’ मागितलात तर तो बहुधा सैल, झालरीचं लेट्यूस देईल. ते नाजूक आणि चवीला छान असतं, पण गरम खिम्याखाली लगेच मान टाकतं. वाटीसारखा आकार आणि कुरकुरीतपणा हवा असेल तर आइसबर्ग घ्या. गड्डा उचलून पाहा. एरवी भाजी घेताना आपण जड आणि घट्ट गड्डा निवडतो; इथे उलट करा. आकाराच्या मानाने हलका, दाबल्यावर किंचित दबणारा गड्डा घ्या. घट्ट गड्ड्याची पानं एकमेकांत इतकी रुतलेली असतात की सुटताना फाटतातच. देठाचा कापलेला भाग पांढरट असावा. तांबूस-तपकिरी झाला असेल तर माल शिळा आहे.

वरची दोन-तीन पानं काढून टाका. गड्डा देठाच्या बाजूने ओट्यावर एकदा जोरात आपटा आणि सैल झालेला देठ पिरगाळून उपटून काढा. त्या खळग्यात नळाची धार सोडली की पाणी पानांच्या थरांत शिरतं आणि पानं आपोआप सुटू लागतात. मग ती एकेक करून अलगद ओढा. एका गड्ड्यातून वाटीसारखी सात-आठ चांगली पानं निघतात. आतली लहान पानं कोशिंबिरीला ठेवा.

पान कच्चंच खायचं आहे, म्हणून प्रत्येक पान वाहत्या पाण्याखाली चोळून धुवा आणि शेवटचं पाणी पिण्याचं वापरा. मग बर्फ घातलेल्या पाण्यात दहा-पंधरा मिनिटं बुडवून ठेवा. पानाच्या पेशी पाणी ओढून घेतात आणि मलूल पान पुन्हा ताठ होतं. हे पाणी पानाच्या आत गेलेलं असतं, ते आपल्याला हवंच असतं. नको असतं ते बाहेर चिकटलेलं. म्हणून पानं झटका, सुती पंचावर पालथी पसरा, पंधरा मिनिटांनी दुसऱ्या कोरड्या पंचात सैल गुंडाळून फ्रीजमध्ये ठेवा. अर्ध्या तासाने काढलेलं पान बोटाने पुसून पाहा, बोट कोरडं राहिलं पाहिजे. हा अर्धा तास वाचवू नका. बाकी कुठेही घाई केली तरी खपते.

पावसाळ्यात मी कच्चं लेट्यूस वापरतच नाही. जुलै-ऑगस्टमध्ये पानांत माती आणि किडे जास्त असतात आणि पोटं आधीच नाजूक झालेली असतात. तेव्हा कोवळ्या कोबीची पानं घेते: उकळत्या पाण्यात मिनिटभर, लगेच गार पाण्यात, मग पुसून मधल्या जाड शिरेचा उंचवटा सुरीने आडवा तासून टाकायचा. पालक फार मऊ पडतो. आणि अळूची पानं दिसायला कितीही योग्य आकाराची असली तरी त्यांच्या वाटेला जाऊ नका. कच्च्या अळूतले ऑक्झलेटचे सुईसारखे स्फटिक घशाचं काय करतात हे कोणत्याही मराठी माणसाला सांगायला नको.

खिमा: धुवायचा की नाही

चिकन घेतलंत तर छातीच्या मांसाऐवजी तंगडीचं घ्या. त्यात थोडी चरबी असते, म्हणून मोठ्या आचेवरही ते कोरडं, भुसभुशीत होत नाही. मटण घेतलंत तर रानाचं (मांडीचं) घ्या, सोबत थोडी चरबी, आणि यंत्रातून दोनदा काढून मागा. आपल्याकडे मटण म्हणजे बोकडाचं; ते चिवट असतं आणि पंधरा मिनिटांच्या परतण्यात एकदाच काढलेला खिमा मऊ होत नाही. रविवारी दुकानात गर्दी असते, तेव्हा “भिया, दो बार निकालना” हे वजन करण्याआधीच सांगून ठेवा.

आता धुण्याचा प्रश्न. आपल्या घरांत मांस धुतल्याशिवाय चुलीवर चढत नाही, आणि खिमा चाळणीत धरून नळाखाली धुण्याची पद्धत सर्रास आहे. या पदार्थाला ती मारक आहे. खिम्याच्या कणाकणात पाणी अडकतं आणि कितीही पिळला तरी ते निघत नाही. शिवाय धुताना उडणारे शिंतोडे कच्च्या मांसातले जंतू ओट्यावर, भांड्यांवर, शेजारी वाळत घातलेल्या लेट्यूसवर नेतात. आमच्याकडे यावर सासूबाईंशी वाद व्हायचा.

“अहो आई, धुतलेला खिमा कढईत उकडतो, भाजला जात नाही.”

“मग आधी तुकडे धू, आणि मग दळ. कोणी अडवलंय?”

त्यांचं म्हणणं बिनतोड होतं. बिनहाडाचे तुकडे आणायचे, सिंक मोकळं करून हळू धारेखाली धुवायचे, कागदी नॅपकिनने टिपून अगदी कोरडे करायचे. इंचभराचे तुकडे ताटलीत पसरून वीस मिनिटं फ्रीझरमध्ये ठेवायचे. गोठवायचे नाहीत, फक्त टणक करायचे. मग मिक्सरच्या भांड्यात थोडे थोडे घालून बटण दोन-दोन सेकंदच फिरवायचं. सलग फिरवलंत तर पात्याच्या उष्णतेने चरबी वितळते आणि खिम्याऐवजी लगदा हाती येतो. मटण मिक्सरवर जरा रडवतं, त्यामुळे ही युक्ती चिकनसाठी जास्त उपयोगी. मटणाचे तुकडे दुकानातच पुसायला सांगून तिथेच खिमा करून घेतलेला बरा. घरी आणलेला खिमा त्याच दिवशी, फार तर दुसऱ्या दिवशी वापरायचा.

मटणाच्या खिम्यासाठी आणखी एक गोष्ट करा. पाव छोटा चमचा खाण्याचा सोडा एक मोठा चमचा पाण्यात विरघळवून ५०० ग्रॅम खिम्याला हलक्या हाताने लावा आणि पंधरा मिनिटं ठेवा. सोड्यामुळे मांस थोडं अल्कधर्मी होतं, तापल्यावर त्यातली प्रथिनं एकमेकांना कमी आवळतात, आणि मांसातला ओलावा पिळून बाहेर पडण्याऐवजी आतच राहतो. पाव चमच्याच्या वर गेलात तर साबणासारखी चव येते. चिकनला याची गरज नाही.

भाज्या आणि शिंगाडा

सगळ्या भाज्या मटारच्या दाण्याहून लहान चिरा. चिरा, किसू नका. किसलेलं गाजर पाणी सोडतं. या भरणातली मजा मऊ मांसात मध्येच दाताखाली येणाऱ्या कुरकुरीत कणात आहे, आणि चीनमध्ये ते काम ‘वॉटर चेस्टनट’ नावाचा एक पाणथळ कंद करतो. आपला शिंगाडा त्याचा भाऊ नाही. तो वेगळ्याच वनस्पतीचं फळ आहे, पाण्यावर तरंगणाऱ्या वेलीचं. पण ताजा शिंगाडा दाताखाली जवळपास तसाच लागतो, तसाच किंचित गोड. डब्यातला परदेशी माल महाग, आणि डब्याच्या पाण्यात पडून त्याची चव गेलेली. माळव्यात दसऱ्यानंतर ताज्या शिंगाड्यांच्या पाट्या दिसू लागतात. मला विचाराल तर हा पदार्थ करण्याचा खरा हंगाम तोच.

शिंगाडा दातांनी सोलू नका. तो तळ्यातला असतो आणि त्या पाण्यातले परजीवी सालीला चिकटलेले असू शकतात. सुरीने सोलून, धुऊन, उकळत्या पाण्यात दोन मिनिटं ठेवा आणि गार करून चिरा. एवढ्याने कुरकुरीतपणा जात नाही. पिठूळ झालेले जून शिंगाडे उपयोगाचे नाहीत, ते उकडून मीठ लावून खा. हंगाम नसेल तेव्हा कोबीचा मधला देठ किंवा जाड साल सोलून काढलेला ब्रोकोलीचा दांडा बारीक चिरून घाला. उपासाचं शिंगाड्याचं पीठ हा अर्थातच वेगळा विषय.

मसाल्याची पूड आणि सॉस

चिनी पाच मसाल्यांच्या पुडीत चक्रीफूल, बडीशेप, दालचिनी, लवंग आणि सिचुआन मिरी असते. पहिले चार सियागंजात कुठल्याही मसाल्याच्या दुकानात मिळतील. पाचवीसाठी कोकणातल्या नातेवाइकांकडे पाहा: तिरफळ आणि सिचुआन मिरी एकाच प्रजातीतल्या वनस्पतींची फळं आहेत. जिभेला मुंग्या आणण्याचा गुण दोघांतही आहे, सुगंध थोडा वेगळा. दोन चक्रीफुलं, एक छोटा चमचा बडीशेप, बोटाच्या पेराएवढी दालचिनी, चार लवंगा, आणि सहा-सात तिरफळांची फक्त टरफलं, आतलं काळं बी काढून. मंद आचेवर मिनिटभर गरम करून पूड करा. उरेल ती बाटलीत ठेवा. खिम्याला पाव चमचाच, कारण चक्रीफूल जरा जास्त झालं तर सगळा पदार्थ काढ्यासारखा लागतो.

बाजारातला होइसिन सॉस (दाट, गोडसर-खारट चिनी सॉस) आणलात तर गूळ, पीनट बटर आणि मसाल्याची पूड वगळून तो दोन मोठे चमचे वापरा. पण घरचा सॉस मला जास्त आवडतो. गूळ व्हिनेगरमध्ये किंचित कोमट करून विरघळवा, मग त्यात पीनट बटर घोटा, आणि नंतरच सोया सॉस घाला. उलट क्रमाने केलंत तर गुठळ्या राहतात. मसाल्याची पूड आणि मिरचीची पेस्ट शेवटी. कालवलेलं कॉर्नफ्लोअर वेगळ्या वाटीत ठेवा.

तिळाच्या तेलाचा एक घोटाळा इथे सांगून ठेवते. चिनी पाककृतीत वरून घालायचं तिळाचं तेल भाजलेल्या तिळांचं असतं, गडद आणि उग्र वासाचं. आपल्या किराण्यातलं तिळाचं तेल बहुधा कच्च्या तिळांचं, त्याला तो वास नसतो. एक मोठा चमचा तीळ तांबूस भाजून जाडसर कुटा आणि शेवटी खिम्यावर घाला, काम होतं.

कढईवर

गॅस पेटवण्याआधी सगळं हाताशी मांडून ठेवा, कारण पुढची पंधरा मिनिटं चिरायला वेळ मिळणार नाही. लोखंडी कढई सर्वांत चांगली. नॉनस्टिक एवढ्या तापमानाला वापरूच नये. घरच्या गॅसला हॉटेलच्या भट्टीची धग नसते. म्हणून ५०० ग्रॅम खिमा एकदम टाकला की कढई गार पडते, पाणी सुटतं, आणि पाणी आहे तोवर कढईतलं तापमान १०० अंशांच्या वर जात नाही. मांसाला खमंग तांबूस रंग येतो तो साधारण १४० अंशांच्या पुढे. यावर उपाय एकच, खिमा निम्मा-निम्मा करून दोन खेपांत परता.

कढई मोठ्या आचेवर इतकी तापवा की पाण्याचा थेंब टाकताच उडून जाईल. एक मोठा चमचा तेल, त्यावर निम्मा खिमा पसरून उलथन्याने हलका दाबा, आणि मग दीड-दोन मिनिटं हात लावू नका. सारखं ढवळायची आपली सवय इथे आवरा. खालची बाजू तांबूस झाली की उलटा आणि मोडून मोकळा करा. आता कान द्या. आधी बुडबुड असा ओला आवाज येईल, तेव्हा पाणी सुटत असतं. मिनिटा-दोन मिनिटांत तो बदलून कोरडी चरचर ऐकू येते. ती आली की आणखी मिनिटभर परतून खिमा ताटलीत काढा. उरलेला खिमा तसाच करा. चिकनच्या खिम्यात गुलाबी कण राहता कामा नये. स्वयंपाकाचा थर्मामीटर असेल तर चिकनला ७४ आणि मटणाला ७१ अंश सेल्सिअस दिसायला हवेत. अख्ख्या तुकड्याचे जंतू बहुतेक बाहेरच असतात, पण खिमा करताना बाहेरचं आत जातं, म्हणून तो अर्धाकच्चा ठेवायचा नसतो. मटणाचा खिमा याहून तीन-चार मिनिटं जास्त घेईल. एक कण खाऊन पाहा.

त्याच कढईत उरलेलं तेल आणि आधी फक्त मशरूम. मीठ नाही, झाकण नाही. ती पाणी सोडतील, मग ते पाणी आटेल, मग कडा तांबूस होतील. यात चारेक मिनिटं जातात. त्यानंतर आलं, लसूण, मिरची अर्धा मिनिट, वास सुटेपर्यंत. कांदा मिनिटभरच, तो आपल्या नेहमीच्या भाजीसारखा गुलाबी-लाल करायचा नाही, दाताला लागला पाहिजे. गाजर आणि फरसबी दोन मिनिटं. सिमला मिरची सर्वांत शेवटी, अर्धा मिनिट.

खिमा परत घाला. सॉस मध्ये न ओतता कढईच्या तापलेल्या कडेने गोल सोडा. कडेवर तो क्षणभर जळल्यासारखा होतो आणि गाडीवरच्या चायनीजला येतो तसा वास येतो. मिनिटभर हलवा. कॉर्नफ्लोअर तळाशी बसलेलं असतं, ते पुन्हा ढवळून अर्धंच घाला आणि बघा. सॉस चकचकीत होऊन कणांना चिकटला पाहिजे. उलथन्याने कढईच्या तळावर एक रेघ ओढा: दोन्हीकडून पाणी येऊन रेघ भरली तर अजून आटवा किंवा उरलेलं कॉर्नफ्लोअर घाला, रेघ कोरडी राहिली तर गॅस बंद करा. आता शिंगाडे, पातीच्या कांद्याची हिरवी पात, कुटलेले तीळ. चव बघा, आणि मीठ कमी वाटलंच तर आधी लिंबू पिळून पुन्हा बघा.

जीरावनची डबी जागेवरच राहू द्या. आपल्या गावात ते पोह्यापासून पेरूपर्यंत सगळ्यावर जातं हे खरं, पण त्यातलं काळं मीठ आणि आमचूर इथल्या सोया सॉसशी भांडतात. सेव मात्र चालते. हॉटेलात या खिम्याखाली तांदळाच्या तळलेल्या शेवया घालतात, त्या जागी फिकी बारीक सेव चिमूटभर, तीही पानात भरल्यावर, तोंडात घालायच्या आधी. लवंगाची सेव नको, मसाल्यात लवंग आहेच.

वाढणं

कढईतून थेट पानात भरू नका. खिमा पाच मिनिटं उघडा राहू द्या. त्याची वाफ पानाला मऊ करते. पानं वेगळ्या ताटात, खिमा वाडग्यात, कूट, कोथिंबीर, लिंबाच्या फोडी बाजूला, आणि ज्याने त्याने आपलं भरून घ्यावं. आधी भरून ठेवलेली पानं दहा मिनिटांत गळतात, त्यामुळे पाहुण्यांसमोर सजवलेलं ताट आणण्याचा मोह टाळा. एका पानात दोन मोठे चमचे पुरे. विड्यासारखी चहूबाजूंनी घडी घालायची गरज नाही, दोन्ही कडा वर उचलून धरायच्या आणि खायचं. पान पातळ असेल तर दोन एकात एक ठेवा. ज्येष्ठांना हातात धरणं जमत नसेल तर पानं जाडसर चिरून वर खिमा घालून चमच्याने द्या, चवीत फरक पडत नाही. सोबत साधा भात ठेवा, कारण नुसत्या पानांवर आपल्याकडच्या कोणाचंही जेवण झालं असं होत नाही.

घरात शाकाहारी असतील तर

आणि इंदुरातल्या मराठी घरात ते बहुधा असतातच. माळवा सोयाबीनचा प्रदेश, सोयाबीनची राष्ट्रीय संशोधन संस्थाही इंदुरातच. पण पिकलेलं बहुतेक सोयाबीन तेलाकडे आणि पेंडीकडे जातं आणि घरात येते ती सोयाबडी. तिचा चुरा १०० ग्रॅम घ्या, उकळत्या पाण्यात दहा मिनिटं भिजवा, पिळा, गार पाण्यातून काढून पुन्हा घट्ट पिळा. दुसऱ्यांदा पिळण्याने तिचा कच्चट वास जातो. मांसाला स्वतःची चरबी असते, हिला नाही, म्हणून तेल एक चमचा जास्त आणि परतणं तांबूस होईपर्यंत. मशरूम दुप्पट करा. बाकी सगळं तेच. सोया पनीर वापरायचं असेल तर ते आदल्या रात्री फ्रीझरमध्ये गोठवा, सकाळी वितळवून पिळा आणि कुस्करा. गोठल्याने ते जाळीदार होतं आणि सॉस शोषून घेतं. शाकाहारी कढई आधी करा, भांडी आणि उलथनं वेगळी, म्हणजे कोणाला काही विचारावं लागत नाही.

लाबच्या वाटेने

सोया सॉसचा कंटाळा आला की हे करून पाहा. दोन मोठे चमचे कच्चे तांदूळ कोरडेच मंद आचेवर दहा मिनिटं, खरपूस बदामी होईपर्यंत भाजा आणि रव्यापेक्षा जरा जाड दळा. तिकडे चिकट तांदूळ वापरतात, आपला आंबेमोहोर चालतो. चिकनचा खिमा वर सांगितल्याप्रमाणे परता, गॅस बंद करा, त्यात दोन लिंबांचा रस, फिश सॉस दीड मोठा चमचा (नसेल तर मीठ), लाल मिरचीची भरड, उभा पातळ चिरलेला कांदा, मूठभर पुदिना, कोथिंबीर, आणि सर्वांत शेवटी तांदळाची भरड. ही भरड सुटलेला रस पिऊन घेते, त्यामुळे कॉर्नफ्लोअर लागत नाही. भाजणीच्या वासावर वाढलेल्या माणसाला हा प्रकार पहिल्यापेक्षा लवकर आपला वाटतो, असा माझा अनुभव आहे.

गच्चीवरचं लेट्यूस

कुंड्या असतील तर दसरा-दिवाळीच्या सुमाराला सैल पानांच्या जातीचं बी पेरा. लेट्यूसचं बी उन्हाळ्यात रुजत नाही; माती साधारण पंधरा ते वीस अंशांच्या दरम्यान असली की त्याला बरं वाटतं, आणि उजेडही लागतो, म्हणून वर मातीचा अगदी पातळ थर पुरे. आठ इंच खोल कुंडी, निम्मी माती आणि निम्मं कुजलेलं शेणखत, रोज हलकं पाणी. इंदुरात डिसेंबर-जानेवारीच्या रात्री पारा दहाच्या खाली जातो, ते लेट्यूसला मानवतं. पाचेक आठवड्यांनी बाहेरची पानं कात्रीने कापायला घ्या, मधला कोंब ठेवा, नवी पानं येत राहतात. आइसबर्गचा गड्डा कुंडीत धरणं कठीण, त्या नादी लागू नका. फेब्रुवारी संपत आला की रोप एकदम उंच व्हायला लागतं आणि पान कडू होतं. तसं दिसलं की उपटून टाका, त्यानंतर पाणी घालून उपयोग नसतो.

उरलं तर

उरलेला खिमा गार करून दोन तासांच्या आत फ्रीजमध्ये ठेवा, दोन दिवसांत संपवा. शिंगाडे आणि पात त्यात असतील तर गोठवू नका, वितळल्यावर ती मऊ पडतात. गरम करताना मायक्रोवेव्हऐवजी तापलेल्या कढईत दोन मिनिटं परता. दुसऱ्या दिवशी डब्याला पोळीत गुंडाळून न्यायचा असेल तर त्यात थोडा कच्चा कांदा आणि लिंबू घालून घ्या. धुतलेली पानं कोरड्या पंचात, झाकणाच्या डब्यात, फ्रीजच्या भाजीच्या कप्प्यात चार दिवस टिकतात. पंचा दमट झाला की बदलायचा.